जुने कामाचे ट्रक आणि रस्त्यावरची यंत्रे

मालवाहतूक, रस्तेबांधणी आणि वाटेत अडलेल्या गाड्यांची सोडवणूक यांसाठी एकेकाळी वापरात असलेली व आता बाद झालेली वाहने आणि उपकरणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची यंत्रे सामान्यतः यांत धरतात. जुन्या मोटारींचे झाले तेवढे कौतुक यांचे झाले नाही. मोटार हौसेने जपली जाई, ट्रक मात्र मोडेपर्यंत राबवला जाई. मग त्याचे भाग दुसऱ्या ट्रकला लागत आणि सांगाडा भंगारात जाई. म्हणून आज चालू स्थितीत दिसणारा जुना ट्रक पुष्कळदा दोन-तीन ट्रक मिळून झालेला असतो.

गोटलीप डाइमलर यांचा १८९६ चा ट्रक हा पहिला मोटार-ट्रक मानला जातो. त्याची ताकद ४ अश्वशक्ती होती आणि तो दीड टन माल नेई. त्यानंतरच्या काळातले अवजड ट्रक भरीव रबरी टायरांवर धावत आणि त्यांची मागची चाके साखळीने फिरत. साखळीचा खडखडाट फार, चिखल-धुळीने ती झिजेही लवकर. पण तुटलेली कडी रस्त्यातच बदलता येई, हा मोठा फायदा. अमेरिकेतील ‘मॅक एसी’ (१९१६–३९) हा साखळीच्या ट्रकांतला सर्वांत नावाजलेला. रेडिएटर इंजिनाच्या मागे असल्याने त्याचे बॉनेट पुढे उतरते आणि बोथट दिसे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांनी त्याला ‘बुलडॉग’ म्हटले आणि पुढे कंपनीने तीच आपली खूण केली.

हे ट्रक सुरू करणे हेच एक कसब होते. आधी इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी थोडी उशिरा पडेल असे करायचे, मग पुढच्या बाजूने हँडल घालून ते खालून वर झटक्याने ओढायचे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. कारण इंजिनाने उलटा झटका दिला की अंगठा किंवा मनगट मोडे. मोटारींना १९१२ पासून विजेचा स्टार्टर मिळू लागला, कामाच्या ट्रकांवर हँडल पुढेही बराच काळ राहिले.

अडलेली गाडी ओढून आणणारा क्रेनवाला ट्रक अमेरिकेतील चॅटानूगा येथील गॅरेजवाले अर्नेस्ट होम्स यांनी १९१६ मध्ये तयार केला. जुन्या कॅडिलॅकवर खांब, कप्पी आणि साखळी बसवून त्यांनी हे काम साधले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे शिल्लक ट्रक स्वस्तात विकले गेले आणि त्यांतल्या कित्येकांवर अशाच क्रेना चढल्या.

रस्ता दाबणारा वाफेचा रोलर १८६० च्या दशकात आला. इंग्लंडमध्ये टॉमस अ‍ॅव्हेलिंग यांच्या कारखान्याचे रोलर विशेष प्रसिद्ध. मागच्या पायांवर उभा घोडा ही त्यांची खूण. बॉयलरला वाफ धरायला दोन-तीन तास लागत, म्हणून चालक पहाटेच आग पेटवी. रोलर इतका सावकाश चाले, की रोज घरी परतणे परवडत नसे. राहण्याची लाकडी गाडी आणि पाण्याची टाकी त्याच्याच मागे जोडलेली असे.

किरकोळ उपकरणांत काचेचा पेट्रोल पंप सर्वांत देखणा. बाजूचा दांडा हाताने मागे-पुढे करून पेट्रोल वरच्या काचेच्या नळकांड्यात चढवत, आतल्या खुणांवरून माप गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होई आणि मग ते आपल्या वजनाने नळीतून गाडीत उतरे. खोदकामापाशी रात्री ठेवायचे रॉकेलचे दिवे म्हणजे वातीचे काळे लोखंडी गोळे. बूड जड असल्याने ते धक्क्याने कलंडत नसत. बॅटरीचे लुकलुकते दिवे आल्यावर ते हटले.

जतन करताना रंग किती द्यावा, यावर हौशी मंडळींत कायम वाद असतो. नव्यासारखा चकाकणारा हौदा पाहून त्यातून कधी खडी वाहिली असेल असे वाटत नाही. पोचे आणि झिजलेली पायरी राहू द्यावी, हे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे. भरीव टायरचा ट्रक आजच्या हमरस्त्यावर वाहतुकीच्या वेगाने चालवता येत नाही, त्यामुळे प्रदर्शनाला तो बहुधा दुसऱ्या ट्रकवर चढूनच येतो.