हार्ट अटॅकनंतरचा सीआरपी : पार्श्वभूमी

सीआरपी, म्हणजे शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, कोविडनंतर सगळ्यांच्या कानावर आहे. हृदयविकाराशी त्याचं नातं मात्र बरंच जुनं आहे. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन १९३० मध्ये सापडलं. हार्ट अटॅकनंतरही ते वाढतं, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लक्षात आलं होतं. पण तेव्हाचा अर्थ सरळ होता: स्नायू जितका मेला, तितका आकडा वर.

हा अर्थ १९९४ मध्ये डळमळला. अनस्टेबल अंजायनाचे (अटॅक न येता छातीत वाढत जाणाऱ्या दुखण्याचे) जेमतेम ३१ रुग्ण, भरती होताना सगळ्यांचं ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू मेला की रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल. तरीही ज्यांचा सीआरपी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त होता, त्यांना पुढे त्रास जास्त झाला. म्हणजे स्नायू मेलेला नसतानाही दाह आधीपासूनच होता.

२००३ मध्ये १ आणि ३ या सीमा ठरल्या (१ च्या खाली हृदयविकाराचा धोका कमी, ३ च्या वर जास्त), त्या धडधाकट माणसांसाठी. १० च्या वर आकडा आला तर तो बाजूला ठेवून पुन्हा तपासा, असंही तेव्हाच सांगितलं गेलं. अटॅकनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा आकडा सहज कित्येक दहांत जातो. तरी स्टेंट घालून घरी आलेल्या माणसाच्या रिपोर्टवर ४६ च्या शेजारी ‘३ च्या वर : हाय रिस्क’ छापलेलं असतं आणि घरचे हादरतात. त्या दिवसांतला आकडा मुख्यतः ताजी इजा दाखवतो. पुढच्या धोक्याचा अंदाज घ्यायचा, तर महिनाभर थांबून केलेली तपासणी जास्त बोलते.

सीआरपी पाहून औषध द्यावं का, हा खरा वाद पेटला तो २००८ च्या ज्युपिटर या औषध-चाचणीवरून. १७,८०२ माणसं, हृदयविकार नाही, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १३० च्या आत, पण सीआरपी २ किंवा जास्त. निम्म्यांना रोझुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं एक स्टॅटिन) २० मिलिग्रॅम, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. फरक इतका दिसला की चाचणी सरासरी १.९ वर्षांतच थांबवली. हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना ४४ टक्क्यांनी घटल्या, अशी बातमी झाली. प्रत्यक्षात वर्षाला शंभरात १.३६ वरून ०.७७. लवकर थांबवलेल्या चाचणीत फायदा फुगून दिसण्याचा धोका असतो, हा एक आक्षेप. दुसरा मला जास्त वजनदार वाटतो: सीआरपी २ च्या खाली असलेली माणसं घेतलीच नव्हती. मग फायदा सीआरपी वाढलेला होता म्हणून झाला, की स्टॅटिन कुणालाही दिलं तरी झाला असता? त्यात खर्च औषध कंपनीचा आणि तपासणीच्या पेटंटवर प्रमुख संशोधकाचं नाव. थांबवण्याचा निर्णय रुग्णांच्या बाजूने योग्य म्हणता येईल, पण प्रश्न त्याने अर्धवटच सोडला.

दरम्यान जनुकीय अभ्यासांनी सांगितलं की सीआरपी हा धूर आहे, आग नव्हे; आग म्हणजे दाह. म्हणून मग आगीवरच औषध. २०१७ मध्ये अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांत कॅनाकिनुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या १५० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनने कोलेस्टेरॉलला हात न लावता घटना १५ टक्क्यांनी घटवल्या. पण जंतुसंसर्गाने मृत्यू वाढले, किंमत अवाच्या सवा, आणि अमेरिकेत हृदयासाठी मंजुरीही मिळाली नाही.

मग गाउटवरचं (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवरचं) स्वस्त, दाह कमी करणारं कोल्चिसिन पुढे आलं (आपल्या कळलावीच्या वेलीतही ते असतं, आणि ती विषारी आहे ती त्यामुळेच). २०१९ मध्ये अटॅकनंतर महिनाभराच्या आत रोज अर्धा मिलिग्रॅम सुरू केलेल्यांत फायदा दिसला. २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत कोल्चिसिनने सीआरपी उतरवला, पण पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही.