नर तगडा, तरी मेंढ्या रिकाम्या

साक्री-धुळ्याकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपात मेंढ्या गाभण राहिल्या नाहीत, की दोष सहसा माद्यांच्याच माथी जातो. नर अंगानं भरलेला असतो, माजावरच्या मेंढीमागे धावतो. त्याच्यावर शंका कोण घेणार? पण अंगावरचं मांस वेगळं आणि वीर्याची प्रत वेगळी.

ऑस्ट्रेलियात एरिक अंडरवुड आणि सोमर्स या संशोधकांनी नर कोकरांवर केलेला प्रयोग 1969 साली प्रसिद्ध झाला. काहींच्या खाद्यात किलोमागे सुमारे 17 मिलिग्रॅम जस्त (झिंक) होतं. ती कोकरं पोटभर खात होती, वजनही छान वाढलं. वृषणं मात्र खुरटी राहिली. ती नीट वाढून शुक्राणू तयार व्हायला सुमारे 32 मिलिग्रॅम लागले, म्हणजे जवळपास दुप्पट! जस्त अडीच मिलिग्रॅमच्याही खाली गेलं, तिथे शुक्राणू बनणंच थांबलं.

वृषणात पेशी सतत विभागत असतात आणि त्या कामाला जस्त लागतं. टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक बनायलाही ते हवं. सेलेनियम या दुसऱ्या खनिजाचं काम वेगळं. शुक्राणूच्या शेपटीचा मधला भाग धरून ठेवणारं वेष्टन सेलेनियमयुक्त प्रथिनाचं असतं. ते कच्चं राहिलं की शेपटी तिथेच मोडते आणि शुक्राणू पोहू शकत नाही.

खानदेशच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्त असलं तरी मुळांना सहज मिळत नाही. त्यात नुसत्या कडब्यावर आणि काढणीनंतरच्या रानावर पोसलेल्या जनावराला ते आणखीच तुटपुंजं पडतं. सरकीच्या ढेपेत जस्त बरं असतं, पण सोबत गॉसिपॉल हे सरकीतलं विषारी द्रव्य येतं. तरुण वळूंना ढेप फार झाली, तर ते शुक्राणूच्या शेपटीच्या त्याच मधल्या भागाला इजा करतं. म्हणून पैदाशीच्या नराला ढेप हात राखूनच द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

मेंढ्याच्या वृषणात शुक्राणू घडायला सुमारे 7 आठवडे लागतात, पुढे पक्व व्हायला आणखी दोनेक. पावसाळ्याच्या तोंडावर नर सोडायचा असेल, तर जस्त-सेलेनियम असलेलं क्षार मिश्रण एप्रिलच्या सुरुवातीलाच चालू करावं लागतं. ऐनवेळी मूठभर जास्त चारून उपयोग नाही. आणि गाईम्हशींचं मिश्रण मेंढरांना कधीच घालू नका. त्यातलं तांबं मेंढरांच्या यकृतात साठत जातं आणि विषबाधा होऊन जनावर दगावतं. मेंढ्यांसाठीचं वेगळं मिश्रण मिळतं. मात्रा पशुवैद्यकांकडून ठरवून घ्या.