जुनी उपकरणं: फोडू नका, जाळू नका, साठवूनही ठेवू नका

बंद पडलेला मोबाइल खणात पडून आहे तोवर त्याच्या सर्किट बोर्डापासून कुणाला काही बाधा होत नाही. सोनं कनेक्टरच्या टोकांवर असतं, तांबं बोर्डाच्या थरांत, कथील डाखात, आणि हे सगळं राळेत आणि काचतंतूंत घट्ट बसलेलं असतं. प्रश्न येतो तो उपकरण उघडण्याचा. ते उघड्यावर फोडलं, जाळलं, आम्लात टाकलं तर हेच पदार्थ धूर, धूळ आणि सांडपाणी होऊन माणसांच्या अंगात जातात. योग्य यंत्रसामग्री असलेल्या कारखान्यात उघडलं तर तेच पुन्हा धातू म्हणून हाती लागतात. वस्तू एकच, पण ती कुणाच्या हातून उघडली जाते यावर सगळं ठरतं. त्यामुळे आपल्या वाट्याला दोनच कामं येतात: उपकरण अखंड ठेवायचं आणि ते वेळेत योग्य ठिकाणी पोचवायचं.

अशा टाकून दिलेल्या उपकरणांचा पसारा केवढा आहे? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 मध्ये जगभरात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला. माणशी 7.8 किलो. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे फक्त 22.3 टक्के कचऱ्याची. 2030 पर्यंत हा ढीग 8.2 कोटी टनांवर जाईल असा अंदाज आहे. आणि यात मोबाइल-लॅपटॉपचा वाटा आपल्याला वाटतो तेवढा मोठा नाही. जवळपास एक तृतीयांश वजन छोट्या उपकरणांचं आहे: टोस्टर, हेअर ड्रायर, व्हॅक्यूम क्लीनर, इलेक्ट्रिक टूथब्रश, दिवे लागणारी आणि आवाज करणारी खेळणी. यांना ई-कचरा म्हणायचं आपल्या डोक्यातच येत नाही, म्हणून ती बिनदिक्कत रोजच्या कचऱ्यात जातात. वायर, सेल किंवा चार्जिंगचं भोक असलेली प्रत्येक वस्तू ई-कचऱ्यातच धरायची, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं. बऱ्याच उपकरणांच्या तळाशी किंवा बॅटरीवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं एक छोटं चित्र असतं. त्याचा अर्थ हाच की ही वस्तू घरच्या कचऱ्यात टाकायची नाही.

उपकरण फोडण्यामागे लोभ असतो तो धातूंचा, आणि तो निराधार नाही. एक टन जुन्या मोबाइलमध्ये सुमारे 300 ग्रॅम सोनं असू शकतं. सोन्याच्या चांगल्या खाणीत एक टन दगडातून 5 ग्रॅम निघालं तरी ती खाण परवडते. टोकियो ऑलिंपिकची सुमारे 5,000 पदकं अशाच जुन्या उपकरणांतून घडवली होती. 2017 ते 2019 या दोन वर्षांत जपानी लोकांनी जवळपास 79 हजार टन छोटी उपकरणं दिली, त्यांत 62 लाखांवर मोबाइल होते. त्यातून 32 किलो सोनं, 3,500 किलो चांदी आणि 2,200 किलो कांसं मिळालं. पण हिशोब एका फोनपुरता केला तर सोनं भरतं 30 मिलिग्रॅमच्या आसपास. घरी बसून ते काढायला जाणं म्हणजे कणभर धातूसाठी जीव धोक्यात घालणं आहे. आम्लानं सोनं काढण्याच्या चित्रफिती बघून कुणी हा प्रयोग करत असेल तर त्याला आवर्जून थांबवा. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोनं विरघळतं खरं, पण त्यावेळी उठणारा तपकिरी वायू नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो फुप्फुसांत गेल्यावर लगेच फार त्रास जाणवतोच असं नाही. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरायला लागतं, आणि तोवर उपचारांचा वेळ हातचा गेलेला असतो.

तांब्यासाठी वायरी जाळतात, तिथेही असंच. वायरीवरचं वेष्टण बहुधा पीव्हीसीचं असतं, त्यात क्लोरिन असतं. उघड्यावर, कमी तापमानाला, धुमसत जळणाऱ्या प्लास्टिकमधून डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी संयुगं तयार होतात, आणि त्या रासायनिक क्रियेला वेग देण्याचं काम तिथलं तांबंच करतं. उपकरणांच्या बाहेरच्या प्लास्टिकमध्ये आग लवकर पसरू नये म्हणून ब्रोमिनची संयुगं मिसळलेली असतात. ती जाळली की त्यांचीही तशीच विषारी भावंडं हवेत जातात. चीनमधलं ग्वीयू आणि घानाच्या अक्रा शहरातलं आग्बोगब्लोशी ही दोन नावं या कामामुळे जगाला माहीत झाली. ग्वीयूमध्ये मुलांच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा त्यात शेजारच्या गावातल्या मुलांपेक्षा जास्त शिसं सापडलं. शिसं वाढत्या मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही. तिथे फोडले जाणारे संगणक ज्यांनी कधी वापरलेही नव्हते, त्या मुलांनी त्यांची किंमत मोजली. ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत अन्यायाची वाटते.

देशोदेशींचा घातक कचरा गरीब देशांत लोटला जाऊ नये यासाठी 1989 मध्ये बाझल करार झाला, 1992 पासून तो लागू आहे. 1 जानेवारी 2025 पासून त्याची कक्षा वाढली. घातक असो वा नसो, कोणताही ई-कचरा सीमेपार पाठवायचा तर घेणाऱ्या देशाची आधी संमती लागते.

चांगल्या कारखान्यात काय वेगळं होतं, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. आधी बॅटऱ्या, पारा असलेले दिवे, मोठे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) हातानं काढले जातात. उरलेल्या वस्तूचे तुकडे करून चुंबकानं लोखंड आणि विद्युतप्रवाहाच्या युक्तीनं ॲल्युमिनियम वेगळं केलं जातं. सर्किट बोर्ड जातात तांब्याच्या भट्टीत. सुमारे 1,200 अंश सेल्सिअसला वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम हे धातू स्वतःत ओढून घेतं. बोर्डातलं प्लास्टिक तिथे इंधन म्हणून जळून जातं. धूर मात्र सोडून देत नाहीत. तो हळूहळू निवू दिला तर साधारण 450 ते 200 अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन पुन्हा जुळून येतात, म्हणून वायू त्या टप्प्यातून झटक्यात थंड केले जातात आणि मग गाळले जातात. पुढे विजेच्या मदतीनं तांबं शुद्ध करताना तळाशी जो गाळ बसतो, त्यात मौल्यवान धातू असतात. अशा भट्ट्यांत सोन्याचा 95 टक्क्यांहून जास्त भाग परत मिळतो. सगळं मात्र मिळत नाही. टॅंटलमसारखे धातू भट्टीच्या मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या टाकाऊ थरात, निघून जातात. स्पीकरच्या आणि हार्ड डिस्कच्या चुंबकांतलं निओडिमियमही बहुतेक वेळा लोखंडाच्या भंगारात हरवतं.

आता बॅटरी. उपकरण अखंड ठेवा म्हणताना माझ्या डोळ्यापुढे सगळ्यांत आधी तीच असते. लिथियम-आयन बॅटरीच्या आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पातळ पत्री, त्यांवर चढवलेलं ग्रॅफाइट आणि कोबाल्ट-निकेलची ऑक्साइडं, आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा अशी गुंडाळी असते. हा पडदा साधारण 20 मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ. धन आणि ऋण बाजू एकमेकींना भिडू न देणारं एवढंच काय ते आहे. खिळा घुसला, बॅटरी वाकली, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पडदा फाटतो आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. तापमान चढतं. सुमारे 130 अंशांना पडदा वितळायला लागतो, 200 अंशांच्या आसपास ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटू लागतो, आणि भोवती असतो तो ज्वालाग्राही द्रव. आगीला लागणारं सगळं आत हजर असल्यामुळे ती नुसती झाकून विझत नाही. त्यात द्रवातल्या क्षारापासून हायड्रोजन फ्लोराइड हा झोंबणारा, विषारी वायू निघतो. जगभर कचऱ्याच्या गाड्यांना आणि वर्गीकरण केंद्रांना लागणाऱ्या आगींमागे अशा नजर चुकवून आलेल्या बॅटऱ्या वारंवार सापडतात. त्या गाडीवर माणसं काम करत असतात.

म्हणून सुटी बॅटरी द्यायची असेल तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे दुसऱ्या धातूला टेकून ठिणगी पडणार नाही. चार्ज कमी असताना दिलेली बरी, कारण आत ऊर्जा जितकी कमी तितका भडका लहान. आतच बसवलेली बॅटरी उचकटून काढू नका, उपकरण तसंच द्या. बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही आणि टोचून हवा काढायची तर मुळीच नाही. ती धातूच्या भांड्यात कोरड्या वाळूवर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवून लवकरात लवकर संकलन केंद्राला कळवा.

इथेच बटन सेलबद्दल सांगायला हवं. रिमोट, वजनकाटे, खेळणी यांतून काढलेला चपटा सेल ‘संपलेला’ असला तरी त्यात थोडा व्होल्टेज शिल्लक असतो. लहान मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे प्रवाह सुरू होतो, सेलच्या ऋण बाजूला तीव्र, दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते. काढलेला सेल टेबलावर ठेवूच नका. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांचा हात पोचणार नाही अशा डब्यात टाका. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठा.

काही वस्तूंचं वेगळेपण थोडक्यात. जुन्या, फुगीर टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते. ती फुटली की काच आत कोसळून मग चहूकडे उडते. मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त शिशाचं ऑक्साइड असतं, ते क्ष-किरण अडवण्यासाठी घातलेलं. ट्यूबलाइट, सीएफएल आणि एलईडी येण्याआधीच्या चपट्या टीव्हींचे मागचे दिवे यांत थोडा पारा असतो, त्यामुळे ते फुटू न देता खोक्यात घालून द्यावेत. फ्रिज आणि एसीची नळी कापून वायू सोडून देणं हा तर वातावरणाशी केलेला गुन्हाच. जुन्या फ्रिजमधला सीएफसी-12 हा वायू ओझोनला मारक आहे, शिवाय शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा दहा हजारपटींहून जास्त उष्णता अडवतो. नव्या फ्रिजमध्ये आयसोब्यूटेन असतो, तो पेटतो. आणि जुन्या फ्रिजच्या भिंतींत भरलेल्या फेसातही सीएफसीसारखाच ओझोनला मारक वायू अडकलेला असतो, बरेचदा नळ्यांतल्यापेक्षा जास्त. तो फक्त बंदिस्त यंत्रातच काढता येतो.

इतकं सगळं माहीत असूनही जुने फोन खणातच राहतात, कारण त्यातले फोटो, पासवर्ड, बँकेचे व्यवहार. ही भीती अगदी रास्त आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेत सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या संशोधकांनी 158 वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. चालू निघालेल्या 129 पैकी फक्त 12 नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत मिळून 5,000 वर क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. फाइल डिलीट केली की संगणक सूचीतली तिची नोंद काढतो, मजकूर जिथल्या तिथे राहतो. हार्ड डिस्कवर सगळ्या जागेत एकदा नवीन माहिती लिहिली की काम होतं. एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि पेनड्राइव्हमध्ये तेवढ्यावर भागत नाही, कारण झीज सारखी व्हावी म्हणून त्या लिखाण सतत वेगवेगळ्या जागी हलवतात आणि जुनी प्रत कुठेतरी उरते. एसएसडीसाठी तिच्याच कंपनीची पुसण्याची आज्ञा वापरावी. आजच्या फोनमध्ये माहिती कूटबद्ध, म्हणजे ठरावीक किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असते, त्यामुळे फॅक्टरी रीसेटनं किल्ली नष्ट झाली की उरलेला मजकूर वाचता येत नाही. रीसेटच्या आधी फोनमधून आपलं खातं जरूर काढा. ते राहिलं तर चांगला चालणारा फोनही पुढच्या माणसाला उघडत नाही आणि नुसता भंगारात जातो. सिम आणि मेमरी कार्डही काढून घ्या. राउटर, स्मार्ट टीव्ही, प्रिंटर, मनगटावरचा बँड यांतही आपली माहिती साठलेली असते, तीही पुसा.

फोन बंदच पडला असेल, पुसता येत नसेल, तर काय? हातोडा घेऊ नका, आत बॅटरी आहे. माहिती नष्ट केल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत केंद्राकडे तो द्या.

द्यायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे खरंच बाद झालंय का? फोन किंवा लॅपटॉपमुळे वातावरणात जाणाऱ्या कार्बनचा मोठा भाग तो बनतानाच गेलेला असतो, वापरातल्या विजेचा वाटा लहान. म्हणून नवी बॅटरी टाकून फोन आणखी दोन-तीन वर्षं वापरणं हे पुनर्प्रक्रियेपेक्षा केव्हाही सरस. वीस वर्षांच्या फ्रिजचं गणित उलटं आहे. तो रात्रंदिवस वीज खातो, त्यामुळे नवा आणल्यावर जुना ‘असू दे जास्तीचा’ म्हणून चालू ठेवण्यात काही बचत नाही. आणि जे दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकतं ते चालू आहे तोवरच द्यावं. चार वर्षं खणात राहिलेल्या फोनला ना नवीन सॉफ्टवेअर मिळतं, ना घेणारा, आणि पूर्ण उतरून पडून राहिलेली बॅटरीही खराब होते.

योग्य ठिकाण ओळखायला दोन-तीन प्रश्न पुरतात. तुमच्याकडे सरकारी नोंदणी आहे का? इथून माल पुढे कुठे जातो? बॅटऱ्यांचं काय करता? सरळ उत्तर देता येत नसेल तर तो माल उघड्यावर फुटण्याची शक्यता मोठी. अनेक देशांत उत्पादकांवर त्यांचा जुना माल परत घेण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, म्हणून नवं उपकरण घेताना जुनं परत घ्याल का, हे दुकानात विचारायला संकोचू नका. देताना त्याचा चार्जर, रिमोट, केबल असेल तर सोबत बांधून द्या. उपकरण दुरुस्त होऊन कुणाकडे जाणार असेल तर त्याला ते लागतील, आणि नाहीच झालं तर त्या वायरींतलं तांबंही न जळता भट्टीपर्यंत पोचेल.