गॅस्ट्रो, की आतड्याचा रक्तपुरवठा तुटलाय?

मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला की नागपुरात पोटदुखीचं कारण तयारच असतं. ऊन लागलं असेल, नाहीतर कालच्या सावजी रश्शानं पोट बिघडलं असेल. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण जुलाब-उलट्यांच्या या गर्दीत एखाद्या पेशंटच्या आतड्याची मुख्य धमनी गुठळीनं बंद झालेली असते. सर्जन म्हणून काळं पडलेलं आतडं समोर आलं की मला दर वेळी वाटतं, हा माणूस काही तास आधी यायला हवा होता.

गोंधळ होतो कारण सुरुवात सारखी दिसते. रक्तपुरवठा तुटलेलं आतडं चवताळतं, स्वतःला रिकामं करतं. त्यामुळे उलटी होते, एक-दोन जुलाबही होतात. फरक दुखण्यात आहे. गॅस्ट्रोत मुरडा येतो आणि जातो, शौचाला जाऊन आलं की थोडं हलकं वाटतं, आणि पाणी कमी झाल्याचा थकवा दुखण्यापेक्षा जास्त असतो. बऱ्याचदा तेच जेवण जेवलेलं घरातलं आणखी कुणी आजारी असतं. गुठळीचं दुखणं मात्र अचानक उठतं. किती वाजता सुरू झालं हे पेशंट बरेचदा नेमकं सांगतो. ते सलग राहतं आणि नेहमीच्या इंजेक्शनला दाद देत नाही.

आणि इथेच फसगत होते. माणूस कळवळत असतो, पण पोटाला हात लावला तर ते मऊ! डॉक्टरही निश्चिंत होतात. पोट कडक होतं ते आतडं मरायला लागल्यावर, म्हणजे उशिरा. त्याआधी कधीकधी दुखणं ओसरतंही. घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं. खरं तर आतड्याची संवेदनाच जात असते. हा टप्पा मला सगळ्यात जास्त घाबरवतो.

मग नाडी बघा. ती अनियमित असेल, ॲट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे नीट न आकुंचता नुसते थरथरणं) असेल, तर हृदयात तयार झालेली गुठळी सुटून पोटात अडकू शकते. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप आकसलेले पेशंट आहेत, त्यामुळे चाळिशीच्या माणसालाही हे होतं. केवळ म्हाताऱ्यांचा आजार समजू नका.

तपासणीत सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून थांबू नये. गॅसनं फुगलेल्या पोटात ती धमनी नीट दिसत नाही. पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं लॅक्टेटही सुरुवातीला नॉर्मल असू शकतं. अमायलेज हे पाचक एन्झाइम रक्तात वाढलं तर स्वादुपिंडाला सूज असल्याचा भलताच संशय येतो. हवी ती सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन धमन्यांचा काढलेला सीटी स्कॅन, आणि लगेच. किडनीचा रिपोर्ट येईपर्यंत ती अडवून धरणं मला पटत नाही: रंगद्रव्यानं किडनीला होणाऱ्या त्रासापेक्षा आतडं गमावणं कितीतरी महाग पडतं. साधारण सहा तासांनंतर आतडं वाचण्याची आशा झपाट्यानं कमी होते.

गॅस्ट्रोला ओआरएस, गरज पडली तर सलाईन. अँटिबायोटिक क्वचितच लागतं. गुठळीला सलाईन, अँटिबायोटिक आणि रक्त गोठू न देणारं हेपरिन लगेच सुरू होतं, पण तेवढ्यावर भागत नाही. धमनी उघडावी लागते. फुगा असलेली बारीक नळी आत घालून गुठळी ओढून काढतात. काही पेशंटमध्ये मांडीतून तार नेऊनही रस्ता मोकळा करता येतो. पोट उघडलेलं असेल तर शक्यतो आधी रक्त सुरू करायचं, मग आतडं पाहायचं, कारण निळसर दिसणारा भाग पुन्हा गुलाबी होऊ शकतो. मेलेला भाग कापतात आणि शंका उरली तर २४ ते ४८ तासांत पुन्हा पोट उघडून बघतात. दुसऱ्या ऑपरेशनचं नाव काढताच नातेवाईक हादरतात, पण पहिलं चुकलं असा त्याचा अर्थ नसतो.

कॅज्युअल्टीत पोचलात तर तीन गोष्टी विचारायची वाट न बघता सांगा: दुखणं किती वाजता सुरू झालं, हृदयाचा कोणता आजार आहे, आणि रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली.