व्हेक्टरीकरण, आरेखनांचे

चित्रबिंदूंच्या जाळीत साठवलेल्या प्रतिमेतील रेषा ओळखून त्या सहनिर्देशकांवर आधारलेल्या रेषा, कंस व वर्तुळे यांच्या रूपात मांडण्याची प्रक्रिया. स्कॅन केलेले जुने नकाशे व यंत्रभागांची आरेखने कॅडमध्ये (संगणकावर आरेखने काढण्याच्या आज्ञावलीत) दुरुस्त करता यावीत म्हणून ती वापरतात.

तिचा आरंभ कोठे धरावा हे व्याख्येवर ठरते. हर्बर्ट फ्रीमन यांनी १९६१ मध्ये साखळी-संकेत मांडला. त्यात रेषेच्या प्रत्येक पावलाची दिशा ० ते ७ यांपैकी एका अंकाने नोंदवतात. मात्र हा मुख्यतः रेषा साठवण्याचा मार्ग होय. रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने साधारण १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या कॅनडाच्या भौगोलिक माहिती प्रणालीत ड्रम-स्कॅनरने नकाशे वाचून त्यांतील सीमारेषा संगणकाकरवी वेगळ्या काढल्या जात. कागदापासून रेषेपर्यंतचे सगळे काम येथे दिसत असल्याने आरंभाचा मान या प्रणालीला देणे अधिक सयुक्तिक वाटते. बहुरेषेतील (एकमेकांना जोडलेल्या रेषाखंडांच्या साखळीतील) अनावश्यक बिंदू गाळण्याची रीत डग्लस व प्यूकर (१९७३) यांच्या नावे रूढ आहे. तथापि उर्स रेमर यांनी ती १९७२ मध्येच प्रसिद्ध केली होती, तेव्हा तिन्ही नावे घेणे उचित.

३०० डीपीआयला (दर इंचात ३०० चित्रबिंदू) एक चित्रबिंदू सुमारे ०.०८५ मिमी. भरतो, म्हणजे ०.५ मिमी. जाडीची रेषा सहा बिंदू रुंद होते. पोट्रेससारखी कडा शोधणारी आज्ञावली तिला भरीव पट्टी समजून तिची बाह्यरेषा काढते. बोधचिन्हाला हे चालते. कॅडला मात्र एकच मध्यरेषा हवी असते. त्यासाठी प्रतिमा निव्वळ काळी-पांढरी करून रेषा एक बिंदू रुंद उरेपर्यंत दोन्ही बाजूंनी सोलतात. झांग व सुएन यांची १९८४ ची कृती यासाठी प्रसिद्ध आहे. खरी अडचण सांध्यांवर येते: उभी रेषा आडवीला जिथे मिळते तिथे आडवी किंचित खाली ओढली जाऊन ‘टी’चा ‘वाय’ होतो. वर्तुळही आखूड रेषाखंडांत मोडते. मग दिसायला ते गोल असले तरी कॅडमध्ये त्याची त्रिज्या थेट मिळत नाही. म्हणून बिंदू गाळण्याआधी कंस व वर्तुळे जुळवून घेणे श्रेयस्कर.

१:५०० प्रमाणाच्या नकाशात ३०० डीपीआयला एका चित्रबिंदूची चूक जागेवर सुमारे ४ सेंमी. होते. आरेखनावर लिहिलेल्या एखाद्या मापाशी ताडून प्रमाण बसवतात. स्कॅनमध्ये कागद ताणलेला वा आक्रसलेला असल्यास आडव्या व उभ्या दिशेचे माप स्वतंत्रपणे तपासावे लागते. तयार आरेखन बहुधा डीएक्सएफ या कॅड आरेखनांच्या देवाणघेवाणीच्या फाइलमध्ये देतात.