सनस्क्रीन : घटक, पोत आणि संरक्षण

सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेला वाचवणारे लेपन. २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी किरण त्वचा भाजतात. ३२० ते ४०० नॅनोमीटरचे यूव्हीए खोलवर पोचून त्वचा काळवंडवतात, सुरकुत्या वाढवतात. एसपीएफ हा मुख्यतः यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा अंक आहे.

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे क्रीममध्ये न विरघळता बारीक कणांच्या रूपात राहतात. ती अतिनील किरण आरशासारखे परतवतात असे सर्रास सांगितले जाते, पण प्रत्यक्षात बहुतांश किरण ती शोषूनच घेतात. विखुरतो तो दृश्य प्रकाश, म्हणून सावळ्या चेहऱ्यावर राखाडी झाक येते. टायटॅनियमचे कण फार बारीक केले की झाक ओसरते, मात्र यूव्हीए अडवण्याची ताकदही घटते. त्यापेक्षा लोह ऑक्साइडचे रंग मिसळणे चांगले: झाक लपते आणि दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडतो. वांग असलेल्यांना याचा विशेष फायदा होतो.

अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन, बेमोट्रिझिनॉल हे सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त रासायनिक, घटक झाक सोडत नाहीत. पण ते विरघळवायला तेलांश लागतो आणि चिकटपणा येतो तो त्यातूनच. मद्यार्काने लेपन हलके होते, झटकन सुकते. नाजूक त्वचेची मात्र आग होऊ शकते. अ‍ॅव्होबेन्झोन यूव्हीए उत्तम अडवते, तरी उन्हात स्वतःच विघटित होते. ऑक्टिनॉक्सेट या दुसऱ्या सेंद्रिय घटकाच्या सोबतीने ते आणखी लवकर निकामी होते, ऑक्टोक्रिलीनने टिकते. लोहयुक्त पाण्यात कपडे धुतल्यास अ‍ॅव्होबेन्झोनचे गंजासारखे डागही पडतात.

पोत हा निव्वळ चैनीचा प्रश्न नाही. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेपन लावून होते. लोक साधारण त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतात. पुरेसे लावले तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवते. थर पातळ झाला की हे आकडे कोसळतात. त्यामुळे मुंबई-कोकणाच्या दमट हवेत घामाने ओघळणाऱ्या ५० च्या जाड क्रीमपेक्षा, भरपूर लावता येईल असे ३० चे जेल अधिक उपयोगी. घामात टिकावे म्हणून काही लेपनांत पाण्याला दाद न देणारी, पापुद्रा धरणारी बहुवारिके (पॉलिमर) घालतात. तरीही दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर लेपन पुन्हा लावावे लागते.