जॉब की वस्तू? प्रात्यक्षिक अभ्यासक्रमामागचा जुना वाद

अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणार्थ्यांसाठी प्रात्यक्षिकांचा आराखडा करायला बसलं की तास, यंत्रं आणि गुण यांची जुळवाजुळव लगेच सुरू होते. त्याआधीचा प्रश्न मात्र दीडशे वर्षं तसाच पडून आहे: शिकणाऱ्याने सरावाचा तुकडा (कार्यशाळेच्या भाषेत ‘जॉब’) घडवायचा, की वापरात जाणारी वस्तू?

उमेदवारीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. उस्तादाच्या हाताखाली जे काम येईल तेच शिक्षण. 1868 मध्ये मॉस्कोच्या एका तंत्रशाळेने कारागिरीचे घटक सुटे केले. कापणं, कानस मारणं, भोक पाडणं, जोड बसवणं अशा क्रिया सोप्याकडून अवघडाकडे लावल्या. त्यामुळे एकच शिक्षक अनेकांना एकाच वेळी शिकवू लागला. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात या क्रियांचे नमुने मांडले गेले आणि पद्धत अमेरिकेत रुजली. फिटिंग शॉपमध्ये (सुटे भाग घासून-जुळवून बसवण्याच्या कार्यशाळेत) गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून, उजेडाची फट बघत तपासला जाणारा चौकोनी जॉब याच घराण्यातला.

प्रवासात एक गोष्ट मात्र गळाली. मॉस्कोत हा सराव फक्त पहिली पायरी होता; पुढे विद्यार्थी बाहेरच्या ऑर्डरी घेणाऱ्या कारखान्यात काम करत. अमेरिकेत उचलली गेली ती मुख्यतः पहिली पायरीच. ऑर्डरीच्या घाईत शिक्षण मागे पडेल, ज्याला जे जमतं तेच त्याच्याकडून करून घेतलं जाईल, असा युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता. पण त्याची किंमत मोठी होती. जॉबमध्ये फट राहिली की दोन गुण जातात आणि तुकडा भंगारात पडतो. कपलिंग, म्हणजे मोटर आणि पंप यांचे दांडे जोडणारा भाग, बसवताना तेवढीच चूक राहिली तर पंप थरथरतो, बेअरिंग तापतं. हे परिणाम भोगायला लावणारा सराव अभ्यासक्रमातून तेव्हाच निसटला.

1906 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत एक आठवडा वर्ग, एक आठवडा कारखाना अशी तोड निघाली. अभियांत्रिकी शिक्षणावरच्या 1955 च्या अमेरिकी अहवालाने मात्र कौशल्यावर भर देणारे विषय वगळून विज्ञानाला जागा देण्याची शिफारस केली. कार्यशाळेचे तास आटले. 2000 च्या सुमारास अमेरिका आणि स्वीडनमधल्या काही विद्यापीठांनी ‘कल्पना, रचना, निर्मिती, वापर’ हा पूर्ण फेरा अभ्यासक्रमात आणला, आणि वापरात जाणाऱ्या वस्तूचा आग्रह प्रकल्पांच्या रूपाने परतला.

आता वेल्डिंगचा सराव सिम्युलेटरवरही होतो, सुटे भाग थ्रीडी प्रिंटरवर निघतात. साहित्य वाया जाणं कमी झालं, हे चांगलंच. गुणपत्रकात मात्र अजूनही तयार जॉबच मोजला जातो. बिघाड शोधून तो दुरुस्त करण्यासाठी वेगळा रकाना क्वचितच सापडतो.